पाण्याखालच्या गाडीला खोली-हालचालीचा सेन्सर बसवताय? आधी हे वाचा

खोलीसाठी एमएस५८३७-३०बीए हा दाब मोजणारा सेन्सर घ्या. ३० बारपर्यंत, म्हणजे साधारण ३०० मीटर खोलीचा दाब तो मोजतो. त्याला ३.३ व्होल्टच द्या. अर्डुइनो उनो या कंट्रोलर बोर्डाच्या ५ व्होल्टच्या आयटूसी तारा (सेन्सरशी माहितीची देवाणघेवाण करणाऱ्या दोन तारा) थेट जोडू नका, मध्ये लेव्हल शिफ्टर, म्हणजे दोन्हीकडचं व्होल्टेज जुळवणारा छोटा बोर्ड, हवाच.

खरी मेख इपॉक्सीत, म्हणजे पाणी आत जाऊ नये म्हणून ओतून घट्ट होऊ देतात त्या रेझिनमध्ये आहे. सेन्सरच्या तोंडावरचं जेल उघडंच राहिलं पाहिजे; त्यावर इपॉक्सी पसरलं की दाब आत पोचत नाही आणि आकडा भलताच येतो. जेल काडीने साफ करायला जाऊ नका. दुसरी चोरवाट म्हणजे तार. पदरी तारेच्या आवरणातून पाणी आतल्या आत झिरपत बोर्डापर्यंत येतं. म्हणून इपॉक्सीत बुडणाऱ्या भागात तार थोडी सोला आणि उघडे पदर सोल्डरने भरून घ्या.

दाबावरून खोली काढताना गोड्या पाण्याची घनता ९९७, समुद्राची १०२९ किलो प्रति घनमीटर धरा. यात गल्लत झाली तर १० मीटरला ३० सेंटिमीटर चूक. हवेचा दाब दर वेळी पाण्याबाहेर मोजून वजा करा. कोडमध्ये १०१३ मिलिबार ठोकून दिलात, तर उंचावरच्या, म्हणून कमी हवेच्या दाबाच्या पुण्यात गाडी टेबलावर असतानाच पाण्याच्या पातळीपेक्षा अर्धा मीटरहून जास्त वर दिसेल!

हालचालीसाठी एमपीयू-६०५० हा सेन्सर स्वस्त, पण त्यात होकायंत्र नाही, त्यामुळे दिशा हळूहळू सरकते. होकायंत्र असलेला बीएनओ०५५ बरा, रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाला मात्र तो यूएआरटीवर (जोडणीच्या दुसऱ्या पद्धतीवर) जोडा, आयटूसीवर अडखळतो. मोटारींच्या तारा त्याच्यापासून लांब, पीळ देऊन न्या. कॅलिब्रेशन, म्हणजे सेन्सरचे आकडे जुळवून घेणं, सगळं पक्कं बसवल्यावरच. आणि त्वरणावरून जागा काढण्याच्या नादी लागू नका, काही सेकंदांतच आकडा भरकटतो.