शिकवणाऱ्या मुलीला शिकायला जाऊ द्या

देवगड तालुक्यातल्या एका आंबा बागायतदारांचं पत्र आलं आहे. मुलगी 29 वर्षांची, रसायनशास्त्रात एम.एस्सी., सेट (प्राध्यापकपदासाठीची राज्य पात्रता परीक्षा) उत्तीर्ण. 4 वर्षं एका सिनियर कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते. मे महिन्यात तिला मुंबईला 2 आठवड्यांच्या रिफ्रेशर कोर्सला, म्हणजे कॉलेजच्या शिक्षकांसाठीच्या प्रशिक्षणाला, जायचं आहे आणि वडिलांचा त्याला विरोध आहे. ते लिहितात, ‘ऐन आंब्याच्या दिवसांत घरात माणसं कमी, त्यात तिला बघायला पाहुणे येणार. नोकरी कायम नाही, मग प्रशिक्षण कसलं? शिकवणारीच शिकायला गेली तर लोक काय म्हणतील? तिनं बी.एड. करावं, स्पर्धा परीक्षा द्यावी की लोट्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या कंपनीत जावं, तेवढं सांगा.’

नमस्कार.

तुमचं 4 पानी पत्र मी दोनदा वाचलं. पेट्या, पाहुणे, पगार, शेजारीपाजारी, सगळं त्यात आहे. मुलीचं म्हणणं मात्र एकाच ओळीत आलंय, तेही तक्रार म्हणून: ‘म्हणते, पोरं प्रॅक्टिकलला आकडे जुळवतात, ते मला बंद करायचंय.’ स्पष्ट सांगते, मला काळजी तिच्या नोकरीपेक्षा याची जास्त वाटली. 29 वर्षांची मुलगी घरात एवढं मोलाचं बोलते आणि त्याचा हट्ट ठरतो.

मी स्वतः बरीच वर्षं रसायनशास्त्र शिकवलं, म्हणून ती काय म्हणते ते मला नेमकं कळतं. टायट्रेशनमध्ये, म्हणजे ब्युरेट नावाच्या खुणांच्या काचनळीतून थेंबथेंब द्रावण सोडून मोजायच्या प्रयोगात, तीन रीडिंग घेऊन सारखं येणारं रीडिंग धरायचं, त्याला आम्ही सीबीआर म्हणतो. एका वर्षी माझ्या बॅचच्या वीस जर्नलांत सीबीआर 9.8 होता. एका मुलाची ब्युरेट टेबलावर गळत होती, तरी त्याचाही 9.8! मी त्या जर्नलांवर सह्या केल्या, ते अजून सलतं. यावर काय करायचं हे मला पुस्तकात सापडलं नाही. ते एका रिफ्रेशर कोर्सला, जेवणाच्या सुट्टीत, दुसऱ्या कॉलेजातल्या बाईंनी सांगितलं. त्या मुलांना आपापल्या विहिरीचं पाणी आणायला लावत. खाडीकाठच्या विहिरी उन्हाळ्यात मचूळ होतात, त्यातलं क्लोराइड (मिठातला एक घटक) मोजायचं. पाण्यात पोटॅशियम क्रोमेट घातलं की ते पिवळं होतं. मग ब्युरेटमधून सिल्व्हर नायट्रेट सोडायचं. थेंब पडतो तिथे विटकरी रंग चमकतो आणि फ्लास्क हलवला की जातो. क्लोराइड संपलं की तो रंग टिकतो. प्रत्येकाची विहीर वेगळी, त्यामुळे मागच्या वर्षीचं जर्नल कामाला येत नाही. पिण्याच्या पाण्यात क्लोराइड लिटरला 250 मिलिग्रॅमपर्यंत असावं, हे भारतीय मानक, मी हा प्रयोग माझ्या वर्गात केला त्या दिवशी, मुलांनी मला विचारून लिहून घेतलं, कारण प्रश्न घरच्या विहिरीचा होता.

आता तुमच्या एका समजाबद्दल. रिफ्रेशर कोर्स कायम झालेल्यांनी पदोन्नतीच्या कागदासाठी करायचा असतो, असं तुम्हाला वाटतं. ते प्रमाणपत्र पदोन्नतीत धरलं जातं आणि त्या कागदानं तिला नोकरी मिळणार नाही, इथवर तुमचं बरोबर आहे. पण विषय येणं आणि तो शिकवता येणं यांत मोठं अंतर असतं. उकळत्या पाण्यातल्या बुडबुड्यांत काय असतं, असं पहिल्या वर्षाच्या वर्गात विचारा. चांगले गुण मिळवून आलेली मुलंही ‘हायड्रोजन आणि ऑक्सिजन’ म्हणतात. ती तर नुसती वाफ असते! मुलांच्या डोक्यात चूक कुठे बसलीय हे ओळखणं आणि ती बाहेर काढणारा प्रयोग रचणं हे वेगळंच कसब आहे, आणि एम.एस्सी.ला ते कोणी शिकवत नाही. तुम्हीच लिहिलंय की जुन्या कलमांची छाटणी शिकायला तुम्ही वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रात गेला होतात. तेव्हा गावात कोणी तुम्हाला नावं ठेवली का?

परीक्षांचं थोडक्यात सांगते. बी.एड. ज्युनियर कॉलेजसाठी लागतं, सिनियरला नाही. सिनियरसाठी नेट किंवा सेट लागते, ती तिच्याकडे आहे. यूजीसीनं (विद्यापीठ अनुदान आयोगानं) जुलै 2023 पासून सहायक प्राध्यापकपदासाठी पीएच.डी. ऐच्छिक केली, पण निवडीत आणि पुढच्या बढतीत तिचं वजन आहेच. लोट्याच्या प्रयोगशाळेतलं काम चांगलं आहे, तिला आवडणार असेल तर. स्पर्धा परीक्षेचं नाव तिनं काढलेलंच नाही, म्हणून मीही काढत नाही.

तासिका तत्त्वाबद्दलची तुमची धास्ती खोटी नाही. मानधन तुटपुंजं, तेही उशिरा, आणि दर जूनला पुन्हा अर्ज. तिनं आणखी 2 वर्षांची मुदत ठरवावी आणि ती तिची तिनं ठरवावी. तोवर पीएच.डी.ची नोंदणी आणि जाहिरात निघेल तिथे अर्ज, हे चालू ठेवावं. देशातल्या तीन विज्ञान अकादमी मिळून उन्हाळी संशोधन फेलोशिप देतात. ती विद्यार्थ्यांबरोबर शिक्षकांसाठीही असते, पात्रतेची अट तिनं नीट वाचून घ्यावी. मुंबईत असताना मानखुर्दचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र तिनं जरूर पाहावं. रसायनशास्त्र ऑलिम्पियाडची देशातली तयारी तिथे होते आणि त्यासाठीचे प्रयोग रचण्यात कॉलेजचे शिक्षकही असतात. कणकवलीहून निघून पनवेलला उतरली की हार्बर लोकलनं थेट मानखुर्द.

पेट्या भरायला 2 आठवडे गडी लावा आणि पाहुण्यांना जूनमध्ये बोलवा. कोर्सला गेली म्हणून जे येणार नाहीत, त्यांच्या घरी तिला कशाला द्यायची?

पुढचं पत्र तिला स्वतः लिहू दे. तिच्या वर्गात यंदा किती मुलांचा सीबीआर अगदी एकच आला, हे मला तिच्याकडून ऐकायचं आहे.