खुडूक कोंबडीखालची पिल्लं: आधी हात आवरा

खुडूक कोंबडी अंडी उबवायला बसल्यापासून 21व्या दिवसाच्या सुमारास अंड्यांना टवके जाऊ लागले की तिला सारखं उचलून बघू नका. पहिल्या पिल्लानंतर शेवटचं यायला दीड-दोन दिवसही लागतात. तोवर आधीची उपाशी मरत नाहीत, पोटात ओढून घेतलेल्या बलकावर त्यांचं भागतं.

घरटं मात्र जमिनीलगतच हवं. उंचावरून खाली पडलेलं पिल्लू परत चढू शकत नाही, रात्रीत गारठतं. माझं एक असंच गेलं, अजून चुटपुट लागते.

पाणी उथळ ताटलीत, खडे टाकून. खाद्य पिल्लांचंच द्या, आईनेही तेच खाल्लं तरी चालतं. अंडी देणाऱ्या कोंबड्यांच्या खाद्यातलं जास्तीचं कॅल्शियम पिल्लांच्या मूत्रपिंडांना सोसत नाही. आई दाणा चोचीत उचलून पुन्हा खाली टाकते, कुकूकू करत बोलावते आणि सगळी धावत येतात. हे आपल्याला कधीच शिकवता आलं नसतं!

सुरुवातीला मायलेकरं वेगळ्या जाळीत ठेवा, बाकीच्या कोंबड्यांना दिसतील अशी. रोज एकेक पिल्लू हातात घेऊन बघा. बुडाला विष्ठा सुकून चिकटली असेल तर कोमट ओल्या फडक्याने भिजवून पुसा, ओढू नका.