चक्रीवादळ जमिनीवर आलं की संपतं, मग समुद्रापासून इतक्या लांबच्या विदर्भाने त्याला का घाबरायचं?

हाच प्रश्न माझ्या दाजींनी २६ सप्टेंबर २०२१ ला, रविवारी, बांधावर उभं राहून विचारला होता. यवतमाळ जिल्ह्यातल्या उमरखेड तालुक्यात नाल्याकाठी आमचं पाच एकर सोयाबीन गुत्त्यानं, म्हणजे ठेक्यानं, सोंगून झालेलं, कापलेल्या पिकाचा ढीग, म्हणजे गंजी, लागलेली. मोबाईलवर गुलाब वादळाच्या बातम्या. मी म्हटलं, "दाजी, थ्रेशर आजच बोलवू, जास्त पैसे गेले तरी चालतील." दाजी म्हणाले, "वादळ आंध्रात. आपल्या इकडं समुद्र हाय का? मंगळवारी आपला नेहमीचा थ्रेशरवाला येतो, त्याचा भाव कमी हाय." बहिणीसमोर दाजींशी काय वाद घालायचा? गप्प बसलो.

त्याच संध्याकाळी गुलाब कलिंगपट्टणमजवळ किनाऱ्यावर आलं. वारा ताशी ७५ ते ८५ किलोमीटर. जमिनीवर आल्यावर तो पडला, हे तुमचं बरोबर. पण वादळाच्या पोटातली वाफ कुठं जाणार? कमी दाबाचं ते भोवरं तेलंगणातून आमच्या आणि मराठवाड्याच्या अंगावर आलं. त्यात पावसाळा चालू, अरबी समुद्राकडून ओली हवा येतच होती, आणि काळी जमीन आधीच तुडुंब, एक थेंब आत घेईना.

सोमवारी रात्रभर कोसळला. मंगळवारी पहाटे बॅटरी घेऊन गेलो तर नाला शेतात. नाल्याचं पाणी पुढं सरकेना, कारण खाली पैनगंगाच फुगलेली. फुगवटा मागं शिरला. गंजीची ताडपत्री बाभळीला अडकलेली दिसली. गंजी अर्धी वाहिली, उरलेली तीन दिवस पाण्यात. शेंगांतच मोड आले. पस्तीस क्विंटलच्या जागी नऊ, तेही डागी. त्याच सकाळी दहागावच्या पुलावरून प्रवाशांसकट बस वाहून गेली, माणसं गेली. तेव्हा सोयाबीनचं रडायची लाज वाटली, पण कर्ज सोयाबीनवरच होतं.

७२ तासांच्या आत विमा कंपनीला कळवलं. उत्तर आलं, कापून शेतात वाळत पसरलेल्या पिकाला १४ दिवस संरक्षण, गंजीला नाही. म्हणजे आळस करून पीक पसरून ठेवलं असतं तर पैसे मिळाले असते! हा नियम गुत्तेदारालाही माहीत होता, आम्हालाच नव्हता.

गुलाब तिथंही संपलं नाही. उरलेलं भोवरं गुजरातेवरून अरबी समुद्रात उतरलं, पुन्हा वादळ झालं, शाहीन नाव घेतलं आणि ओमानला जाऊन धडकलं. जमिनीवर वादळ संपतं म्हणणाऱ्यांनी हे पाहावं.

सगळीच वादळं इकडं येतात असं नाही, बरीच ओडिशा-बंगालकडे वळतात. आणि पुराला वादळाचं नाव लागतंच असंही नाही. ३० जुलै १९९१ ला नागपूर जिल्ह्यातल्या मोवाडला वर्धेच्या पुरात २०४ माणसं गेली, तेव्हा आपल्याकडच्या वादळांना नावं द्यायची पद्धतही नव्हती, ती २००४ पासूनची. तेव्हा वाऱ्याचा आकडा बघून निश्चिंत होऊ नका, पावसाचा इशारा कोणत्या जिल्ह्याला आहे ते बघा. गंजी नाल्याकडे लावू नका. आणि थ्रेशरच्या दोन-चारशे रुपयांसाठी दोन दिवस थांबू नका.

दाजी अजून म्हणतात, तो परतीचा पाऊस होता, वादळाचा काही संबंध नाही. दाजी, त्या वर्षी मान्सून राजस्थानातून परतायला लागला तोच मुळी ६ ऑक्टोबरला. आपली गंजी २८ सप्टेंबरला गेली.