वाचकांचे प्रश्न : घाटाखालचे हॉटेल आणि उधारीच्या वह्या

प्रश्न : मुंबई-गोवा रस्त्यावर, पोलादपूर सोडून कशेडी घाट चढायला लागण्याआधी, रस्त्याच्या कडेला आमचे हॉटेल होते. ते आजोबांनी सुरू केले, पुढे अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, चालवले आणि रस्त्याच्या चौपदरीकरणात ती जागा गेली. आम्ही भावंडांनी नातवंडांसाठी त्या हॉटेलाच्या आठवणींची एक लहानशी पुस्तिका काढायचे ठरवले आहे. माझ्याकडे ट्रंकेत उधारीच्या नऊ वह्या आहेत. त्यांपैकी बऱ्याच वह्यांवर वर्ष घातलेले नाही. त्यांचा काळ कसा ठरवावा आणि त्यांतली नावे छापावीत का, हा पहिला प्रश्न. दुसरा प्रश्न अवघड आहे. हॉटेलाच्या बाहेर, वळचणीखालच्या कोनाड्यात, दोन कान तुटलेले कप वेगळे ठेवलेले असत. ते कोणासाठी, हे मला लहानपणीही ठाऊक होते. धाकटा भाऊ म्हणतो की आनंदाच्या आठवणी लिहायच्या आहेत, तर ते आता कशाला उकरून काढायचे. आपले मत कळवावे.
— एक वाचक, ठाणे

उत्तर : सप्रेम नमस्कार. आपले पत्र वाचताना मी काही वेळ उत्तर लिहायचे विसरून गेलो, कारण माझ्या मामांचे असेच एक हॉटेल होते आणि मे महिन्याच्या सुट्टीत बादलीभर पाण्यात कपबश्या विसळण्याचे काम माझ्याकडे असे. पुढे दाराशी चुलाण, त्यावर काळा झालेला जर्मनचा टोप, चहा गाळायचे फडके, गल्ल्याशेजारी खारी आणि शेवेच्या बरण्या आणि मागच्या पडवीत कांदे चिरणारी मामी, हे चित्र आपल्यालाही वेगळे सांगायला नको. चार बाकडी आणि कौलारू छप्पर एवढ्या जागेला आपण मराठी माणसे बेधडक ‘हॉटेल’ म्हणत आलो आहोत, आणि पुस्तिकेतही तोच शब्द ठेवावा. ‘उपाहारगृह’ लिहिलेत तर अण्णांनाच ते ओळखू येणार नाही.

प्रथम वह्यांविषयी. आपल्याकडे दशमान नाणी 1 एप्रिल 1957 पासून आली. त्याआधीच्या नोंदी रुपये, आणे, पै अशा रकान्यांत असतील. त्यानंतरची काही वर्षे दोन्ही नाणी बरोबरीने चालत होती आणि त्या काळाची एक खूण हमखास सापडते : एका आण्याचे सहा, दोन आण्यांचे बारा, तीन आण्यांचे एकोणीस आणि चार आण्यांचे पंचवीस नये पैसे धरले जात. तेव्हा एखाद्या वहीत सहा, बारा, एकोणीस असे आकडे वरचेवर दिसले, तर ती वही या संक्रमणातली आहे असे मानायला हरकत नाही. नुसत्या ‘चार आणे’ या शब्दांवर मात्र विसंबू नये, कारण बोलण्यात ते आणखी कित्येक वर्षे टिकले. दुसरी खूण 11 डिसेंबर 1967 च्या पहाटेची. कोयनेचा भूकंप आपल्या भागात कोणाला जाणवला नाही असे घर नसेल. त्या दिवसाचे पान कोरे आहे का, किंवा त्यानंतर कौलांचा खर्च मांडला आहे का, ते पाहावे. अखेरच्या वह्यांसाठी कोकण रेल्वे उपयोगी पडेल. जानेवारी 1998 मध्ये तिचा पूर्ण मार्ग सुरू झाला आणि गणपतीला येणारे कितीतरी चाकरमानी एस.टी. सोडून गाडीने खेडला उतरू लागले. त्याचा परिणाम आपल्या गल्ल्यावर दिसला की नाही, हे त्या वह्याच सांगतील.

उधारी कोणत्या महिन्यांत वाढते आणि कधी फिटते, हेही जरूर पाहावे. पेरणी-लावणीच्या दिवसांत चढत गेलेली बाकी मुंबईहून मनीऑर्डर आल्यावर किंवा गणपती-शिमग्याला माणूस गावी आल्यावर एकदम फिटलेली दिसेल. गिरणीतल्या पगारावर कोकणातली चूल कशी पेटत होती, याचा इतका सरळ पुरावा दुसरीकडे मिळणे कठीण आहे. नावे मात्र छापू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्याच्या आजोबांची साडेसात रुपयांची बाकी राहिली, तो नातू आज कदाचित सरपंच असेल. ती बाकी अण्णांनी मागितली नाही, तर आपणही ती छापून मागू नये. ‘एक गाडीवान’, ‘शाळेतले गुरुजी’ एवढे पुरे आहे.

हॉटेल नेमके तिथेच का चालले, याचा एक परिच्छेद असावा. चढणीपूर्वी मालगाड्या थांबवून रेडिएटरमध्ये पाणी भरावे लागे आणि उतरून आलेल्यांना ब्रेक थंड होईपर्यंत बसावे लागे. घाट होता म्हणून चहा खपत होता. आज गाड्या बोगद्यातून जातात. जागा रुंदीकरणात गेली नसती, तरी पुढे काय झाले असते, हा विचार आपण केलाच असेल.

आता कोनाड्याविषयी. आपल्या धाकट्या बंधूंची भावना मी समजू शकतो, कारण वडिलांविषयी असे लिहिताना हात अडखळतोच. परंतु आपण भूकंपापूर्वीच्या वर्षांत लहान होता असे धरले, तर त्या कपांच्या काळाचा हिशेब करून पाहावा. महाड तुमच्या गावापासून लांब नाही. तिथल्या चवदार तळ्याचे पाणी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांचे सहकारी 20 मार्च 1927 रोजी प्यायले. पुढे राज्यघटनेच्या पंधराव्या अनुच्छेदाने ज्या ठिकाणी जातीवरून कोणालाही मज्जाव करता येणार नाही असे सांगितले, त्यांत तळी आणि विहिरी आहेत, तशीच दुकाने आणि हॉटेलेही आहेत. अस्पृश्यता पाळणे हा दंडनीय गुन्हा ठरवणारा कायदा 1955 सालचा. म्हणजे आपण पाहिलेले ते दोन कप बेकायदेशीर होते आणि तरीही रोज तिथेच होते. पोलादपूरकडून येणारा सरकारी माणूस त्यांच्याशेजारी उभा राहून चहा पीत असेल. ही एकट्या अण्णांची गोष्ट नाही. असे कोनाडे गावोगाव होते, आणि माझ्या मामांच्या हॉटेलात मी विसळत असलेल्या कपबश्यांत ते कप कधीच नसत. ज्याने चहा घेतला त्यानेच ते धुऊन जागेवर ठेवायचे, असा रिवाज होता. त्याचा अर्थ मला फार उशिरा कळला.

म्हणून कोनाडा पुस्तिकेत असावा, आणि तोही शेवटच्या पानावर माफीनाम्यासारखा नव्हे, तर चुलाण आणि बाकड्यांच्या वर्णनात, जिथे तो प्रत्यक्षात होता तिथे. अण्णांनी तो कधी काढला, कोणाच्या सांगण्यावरून, की कप फुटले आणि पुन्हा ठेवलेच गेले नाहीत, हे आठवत असेल तर तेही लिहावे. आपल्या साऱ्या आठवणी गल्ल्यामागे बसलेल्या मुलाच्या आहेत. आजी भजीचे पीठ मागच्या दारी भिजवत होती आणि गावातल्या बायका आत न बसता तिथूनच पुडा घेऊन जात, हे आपण पत्रात लिहिलेले नाही, पण बहुधा तसेच असेल. त्यांचे म्हणणे कोणी विचारले का? त्याचप्रमाणे वळचणीखाली उभे राहून चहा प्यायलेल्या घरांतली कोणी वडीलधारी माणसे असतील, तर पुस्तिका छापण्यापूर्वी एकदा वाडीत जाऊन त्यांना भेटावे. त्यांनी बोलायचे नाही म्हटले, तर तेही मान्य करावे आणि आग्रह धरू नये.

जाताना उधारीची वही मात्र बरोबर नेऊ नये. जुनी बाकी वसूल करायला आलात, असा समज व्हायचा.