वाचकांचे प्रश्न : अ‍ॅक्टिव्ह बेस गिटारला कोणती पेडल्स घ्यावीत?

प्रश्न : मी खानापूर तालुक्यातला असून आमच्या ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवतो. लग्नसराईत आणि गणेशोत्सवात बेळगाव, निपाणी, चंदगड या भागांत आमचे कार्यक्रम असतात आणि एकाच रात्री मराठी भावगीते, लावण्या, कन्नड चित्रपटगीते व हिंदी गाणी वाजवावी लागतात. आजवर माझ्याकडे बॅटरी नसलेली साधी बेस गिटार होती. गेल्या दिवाळीत पाच तारांची अ‍ॅक्टिव्ह बेस गिटार घेतली. आमच्या गिटारवादकाचे ओव्हरड्राइव्ह पेडल (आवाज मुद्दाम थोडा फाटवणारी, पायाने दाबायची डबी) तिला जोडले, तर ते दाबताच खालचे स्वर नाहीसे होतात. त्याच्या कोरस पेडलवर (एकच स्वर अनेक वाद्यांसारखा दाट करणाऱ्या) जोरात वाजवले की आवाज फाटतो. मला कॉम्प्रेसर (लहान-मोठ्या आवाजांतले अंतर कमी करणारे), कोरस आणि फझ (आवाज फार खरखरीत करणारे) अशी तीन पेडल्स घ्यायची आहेत, पण सगळी एकदम परवडणार नाहीत. आधी काय घ्यावे?

उत्तर : तुमच्या दोन तक्रारींची कारणे वेगवेगळी आहेत आणि ती समजल्याशिवाय खरेदीला निघू नये, असे मला मनापासून वाटते. साध्या बेस गिटारमध्ये पिकअपने निर्माण केलेला क्षीण विद्युतसंकेत नॉबमधून थेट केबलमध्ये उतरतो. अ‍ॅक्टिव्ह बेस गिटारमध्ये हाच संकेत वाद्याच्या पोटातल्या, ९ व्होल्टच्या बॅटरीवर चालणाऱ्या प्रीअँपमधून जातो. त्यामुळे तो अधिक जोरकस होऊन बाहेर पडतो आणि लांब केबलमध्येही त्याची वरची धार बोथट होत नाही. म्हणजे ज्या कामासाठी लोक हौसेने पहिले पेडल विकत घेतात, ते काम करणारी वस्तू तुमच्या वाद्यात आधीच बसवलेली आहे. यापुढचे प्रत्येक पेडल या प्रीअँपच्या मागे उभे राहणार आहे, हे लक्षात ठेवूनच निवड करावी लागते.

कोरसवर आवाज फाटतो, त्याचे मूळ बहुधा याच जोरकसपणात आहे. गिटारच्या साध्या पिकअपचा संकेत गृहीत धरून बनवलेल्या पेडलला इतका मोठा संकेत पेलत नाही. त्यात तुम्ही वाद्यावरचा खर्जाचा नॉब पूर्ण वर फिरवलेला असेल, तर परिस्थिती आणखी बिघडते. अनेक प्रीअँपमध्ये हा नॉब १२ डेसिबलपर्यंत वाढ देतो आणि १२ डेसिबल म्हणजे त्या पट्ट्यात व्होल्टेज जवळजवळ चौपट. वाद्यावरचे स्वरपट्ट्यांचे सगळे नॉब मधल्या खाचेत आणा, पेडल काढून टाका, बेस गिटार सरळ अँपला जोडा आणि सर्वांत खालची तार कार्यक्रमात जितक्या जोरात छेडता तितक्याच जोरात छेडा. आवाज इथेही फाटत असेल, तर आधी नवी बॅटरी घालून पाहा, कारण उतरलेली बॅटरी नेमका असाच फाटका आवाज देते. अँपवर अ‍ॅक्टिव्ह वाद्यासाठी वेगळा जॅक किंवा खटका असेल, तर तोही वापरून पाहा. इथे आवाज स्वच्छ आला आणि पेडल जोडल्यावर फाटला, तर दोष पेडलच्या प्रवेशाशी आहे. मग वाद्याचा व्हॉल्यूम थोडा खाली घेऊन अँपवर तेवढाच वाढवावा. ही पाच मिनिटांची तपासणी न करता पेडल परत करणारे आणि दुसरे आणणारे वादक मी बरेच पाहिले आहेत.

ओव्हरड्राइव्ह दाबताच खर्ज नाहीसा होण्याचे कारण वेगळे आहे. गिटारची सर्वांत खालची तार ८२ हर्ट्झवर बोलते, बेस गिटारची ‘ई’ (E) स्वराची तार ४१ हर्ट्झवर आणि तुमची पाचवी तार सुमारे ३१ हर्ट्झवर. गिटारचे पुष्कळ ओव्हरड्राइव्ह मुद्दामच खालचा भाग छाटतात, कारण गिटारमध्ये तो राहिला तर आवाज चिखलासारखा होतो. आयबानेझचे ट्यूब स्क्रीमर हे सर्वांना माहीत असलेले उदाहरण आहे. त्याच्या मंडलात सुमारे ७२० हर्ट्झच्या खालचा भाग क्रमाक्रमाने कमी फुलवला जातो. गिटारवादकाच्या दृष्टीने तो गुण आहे, पण बेसवादकाच्या हातचे वाद्यच त्यातून निघून जाते. म्हणून बेससाठी ओव्हरड्राइव्ह घेताना एकच अट न चुकता पाळावी : त्यावर ‘ब्लेंड’चा नॉब असला पाहिजे. हा नॉब मूळ, न बदललेला संकेत आणि फाटवलेला संकेत हव्या त्या प्रमाणात एकत्र करतो. बॉस कंपनीच्या ओडीबी-३ या बेस ओव्हरड्राइव्हवर याच कामाचा नॉब ‘बॅलन्स’ या नावाने आहे.

आपल्या भागातल्या वाचकांना ही गोष्ट तंबोऱ्यावरून चटकन कळेल. मिरजेचा कारागीर घोडीवर खर्जाच्या तारेखाली जवारीचा दोरा केसभर पुढे-मागे सरकवतो, तेव्हा षड्ज जागचा हलत नाही. त्याच्यावर वरचे स्वर उमलतात आणि तीच तार खोलीभर ऐकू येऊ लागते. ब्लेंडसह केलेला हलका ओव्हरड्राइव्ह बेसवर नेमके हेच करतो. मंडपातल्या भोंग्यांतून किंवा छोट्या स्पीकरमधून ४१ हर्ट्झचा स्वर जवळजवळ येतच नाही. ऐकणाऱ्याचा कान ८२, १२३, १६४ हर्ट्झच्या वरच्या स्वरांवरून खालचा स्वर जुळवून घेतो. हे वरचे स्वर थोडे ठळक केले, की शेवटच्या रांगेतल्या माणसालाही बेसची चाल समजते, आणि साउंडवाल्याला बेस वाढवा म्हणून हातवारे करावे लागत नाहीत.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे वळतो. तुमच्या यादीत नसलेली वस्तू मी पहिल्या क्रमांकावर ठेवीन, ती म्हणजे डी.आय. (वाद्याचा संकेत थेट मिक्सरकडे पाठवण्याची सोय) असलेले बेस प्रीअँप पेडल किंवा किमान साधा डी.आय. बॉक्स. मंडपात मिक्सर बहुधा रंगमंचापासून दूर असतो आणि साध्या केबलने तिथवर गेलेला संकेत वाटेत दिव्यांच्या डिमरची आणि जनरेटरची घरघर गोळा करतो. डी.आय. मधून तो तीन पिनांच्या संतुलित केबलने जातो, दोन तारांवर सारखाच आलेला गोंगाट मिक्सरमध्ये एकमेकांना मारतो आणि राहिलेली घरघर बहुतेक वेळा डी.आय. वरचा ‘ग्राउंड लिफ्ट’चा (संकेताच्या केबलची ग्राउंड जोडणी तोडणारा) खटका दाबल्यावर थांबते. घरघर थांबावी म्हणून प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकण्याची पद्धत काही ठिकाणी दिसते. ती जिवावर बेतणारी आहे आणि तुम्ही ती कधीही करू देऊ नये.

दुसरा क्रमांक कॉम्प्रेसरचा. अ‍ॅक्टिव्ह बेस गिटारवर अंगठ्याचा ठोका आणि बोटाचा हळुवार स्पर्श यांतले अंतर फार मोठे असते आणि लावणीनंतर लगेच भावगीत वाजवणाऱ्याला हे अंतर आवरावे लागते. प्रमाण ४:१ ठेवले, तर ठरवलेल्या मर्यादेपेक्षा ४ डेसिबल वर गेलेला आवाज १ डेसिबलच वर जातो. सुरुवातीला अ‍ॅटॅकचा वेळ (दाब पडायला लागेपर्यंतचा वेळ) २० ते ४० मिलिसेकंदांच्या दरम्यान ठेवावा, म्हणजे बोटाचा पहिला आघात दबत नाही. तो दबला, तर ढोलकीच्या थापेबरोबर बेस बसतच नाही. घेताना किती दाब पडतो ते दाखवणारे दिवे असलेले पेडल निवडा. अ‍ॅक्टिव्ह वाद्याच्या बाबतीत हे दिवे फार उपयोगी पडतात, कारण सतत दाब पडत असेल तर वाद्याचा व्हॉल्यूम जास्त झाला आहे हे डोळ्यांनी कळते.

कोरस तिसरा. तो संथ गाण्यांत शोभतो, पण खालच्या स्वरांवर पसरला तर सूर डळमळल्यासारखा वाटतो; म्हणून खालचा पट्टा कोरसपासून मोकळा ठेवणारा नॉब त्यावर असावा. बॉसच्या बेस कोरसवर तो आहे.

फझ मात्र सध्या घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तुम्ही सांगितलेल्या गाण्यांत त्याला जागा थोडी आहे, आणि शिवाय जुन्या पद्धतीचे फझ हे साध्या पिकअपवर भार टाकून आपला गोलवा मिळवते. अ‍ॅक्टिव्ह प्रीअँपच्या मागे ते कर्कश होते आणि वाद्याचा व्हॉल्यूम कमी केल्यावर जसे निवळायला हवे तसे निवळत नाही. तुमच्या बेस गिटारवर अ‍ॅक्टिव्ह-पॅसिव्ह खटका असेल, तर मित्राचे फझ पॅसिव्ह (प्रीअँपशिवायच्या, साध्या) स्थितीत एकदा ऐकून पाहा. फरक तुमच्या कानांनाच कळेल.

पेडलांचा क्रम ट्यूनर, कॉम्प्रेसर, ओव्हरड्राइव्ह, कोरस आणि शेवटी डी.आय. असा ठेवावा. पुढे कधी एन्व्हलप फिल्टर (‘वाव-वाव’ असा आवाज देणारे पेडल) घेतले, तर ते कॉम्प्रेसरच्या आधी लावा, कारण ते बोटाच्या जोरावर उघडते-मिटते आणि कॉम्प्रेसर तो जोरच सपाट करतो.

विजेबद्दल थोडे अनुभवाचे सांगतो. बहुतेक पेडलांना ९ व्होल्टचा, मधली पिन ऋण असलेला अ‍ॅडॅप्टर लागतो, तर अनेक की-बोर्डांचे अ‍ॅडॅप्टर १२ व्होल्टचे आणि मध्ये धन असलेले असतात. वडगावातल्या एका कार्यक्रमात अंधारात हाताला आला तो की-बोर्डचा अ‍ॅडॅप्टर मी माझ्या पहिल्या कोरसला लावला; जळका वास आला आणि ते पेडल पुन्हा बोलले नाही. त्या दिवसापासून प्रत्येक अ‍ॅडॅप्टरच्या वायरीला मी रंगीत दोरा बांधतो. काही पेडल्स १८ व्होल्टवरही चालतात आणि मग अ‍ॅक्टिव्ह वाद्याचा मोठा संकेत त्यांना सहज पेलतो, पण पेडलवर किंवा त्याच्या माहितीपत्रकात तसे छापलेले असेल तरच तो प्रयोग करावा. एकाच अ‍ॅडॅप्टरवरून साखळीने सगळी पेडल्स चालवताना शिट्टीसारखा आवाज येऊ लागला, तर प्रत्येक वाट वेगळी असलेला वीजपुरवठा घ्यावा.

बेळगावात, कोल्हापुरात किंवा गोव्यात दुकानात जाल, तेव्हा स्वतःची बेस गिटार आणि नवी बॅटरी बरोबर न्या. दुकानातल्या साध्या बेसवर गोड वाटलेले पेडल तुमच्या वाद्यावर तसेच वाटेल याची खात्री नसते. तिथे वेगाने बोटे फिरवून दाखवण्यापेक्षा पाचव्या तारेवर एक दीर्घ स्वर धरा, पेडल चालू-बंद करा आणि स्वराचा तळ दोन्ही वेळा तितकाच भक्कम राहतो का, एवढेच ऐका.

प्रश्न : माझ्या अ‍ॅक्टिव्ह बेस गिटारची बॅटरी दर पंधरा दिवसांनी संपते. वाद्यात दोष असेल का? (एक वाचक, निपाणी)

उत्तर : बहुधा नाही. बहुतेक अ‍ॅक्टिव्ह वाद्यांत केबल जॅकमध्ये घातली की बॅटरी सुरू होते आणि ती काढेपर्यंत सुरूच राहते, मग अँप बंद असो वा चालू. चांगली अल्कलाइन बॅटरी वाजवण्याच्या हिशेबाने शेकडो तास पुरते, पण केबल रात्रंदिवस अडकवून ठेवली तर ते तास काही आठवड्यांतच संपतात. सराव झाला की केबल वाद्याच्या बाजूने काढून ठेवा. तसे करूनही बॅटरी टिकली नाही, तर जॅकमधली आतली पट्टी वाकलेली आहे का, हे जाणकाराकडून तपासून घ्या. जांबोटी-कणकुंबीकडच्या पावसात कार्यक्रम करून आलात, तर बॅटरीच्या कप्प्याचे झाकण उघडून संपर्काच्या पट्ट्या कोरड्या कापडाने पुसा आणि हिरवट थर दिसला तर तो खोडरबराने हलकेच घासून काढा. पावसाळ्यात वाद्य महिनाभर पडून राहणार असेल, तर बॅटरी काढून वेगळीच ठेवावी.