रोममधला शेवटचा दिवस मोकळा ठेवा

पहिल्यांदाच इटलीला निघालात, व्हेनिस, फ्लॉरेन्स आणि मग रोम असा बेत आहे, तर मनापासून सांगते: शेवटच्या दिवशी नवं काही बघायला जाऊ नका. पहिल्या खेपेला मी व्हॅटिकनमधलं सिस्टीन चॅपेल त्याच दिवशी कोंबलं होतं. वर मायकलअँजेलोनं रंगवलेलं छत आणि माझे डोळे घड्याळावर! अजून हळहळ वाटते.

त्यापेक्षा आधी आवडलेल्या जागी पुन्हा जा. मी पँथिऑन या प्राचीन रोमन मंदिरात जाते. जवळपास १९०० वर्षांपूर्वीचा काँक्रीटचा घुमट, ४३ मीटर रुंद, आणि माथ्यावर उघडा गोल झरोका. त्यातून उतरलेला उन्हाचा कवडसा भिंतीवरून सरकताना बघत निवांत बसा. पाऊस असेल तर आणखी छान. पाणी थेट आत पडतं आणि फरशीतल्या छिद्रांतून निघून जातं. तिथे बसलं की सगळा प्रवास मनात परत फिरून येतो, व्हेनिसचे पूल, फ्लॉरेन्सच्या कॅथेड्रलचा तो विटांचा घुमट. मग जवळच्या बारमध्ये, म्हणजे तिथल्या कॉफीच्या दुकानात, उभ्यानंच कॉफी घ्या. टेबलाशी बसलात की बहुतेक ठिकाणी जास्त पैसे पडतात.

बॅगा सकाळीच भरून हॉटेलात ठेवायला द्या. रोमच्या तेर्मिनी स्टेशनहून लिओनार्दो एक्सप्रेस ही गाडी ३२ मिनिटांत फ्युमिचिनो विमानतळावर पोचवते, पण रेल्वेचा संप नाही ना, हे आदल्या रात्रीच बघा. खरेदीवरचा कर परत घ्यायचा असेल, तर त्या वस्तू चेक-इनच्या बॅगेत जाण्याआधी कस्टम्सचं काम उरकावं लागतं. त्यासाठी तासभर जास्तच धरा.