तलवार म्यानात, मग विषयपत्रिका

प्रश्न : आमच्या चर्चमधल्या तरुणांनी मध्ययुगीन नाइटांच्या (युरोपातल्या शपथबद्ध घोडेस्वार योद्ध्यांच्या) धर्तीवर एक शौर्यमंडळ काढलं आहे. झगे, ढाली, शपथ, सगळं साग्रसंगीत. पण मासिक सभा तीन-तीन तास रेंगाळते, बोलतात दोघे-तिघेच, आणि काय ठरलं ते शेवटी कुणालाच सांगता येत नाही. नियम आणले तर रंग जाईल, असं आमचे महानाइट म्हणतात. — एक चिटणीस

उत्तर : चिटणीसबाई, असंच एक दप्तर मीही सांभाळलंय. एकदा शिबिराच्या खर्चावरून भांडण जुंपलं. मंजुरी मिळाली होती की नाही? इतिवृत्त काढलं, तर माझ्याच अक्षरात : ‘सर्वांनी तलवारी उंचावून जयघोष केला.’ आता जयघोषाला कोण सूचक आणि कोण अनुमोदक!

तेव्हापासून आम्ही प्रार्थना, शपथ आणि मिरवणूक पहिल्या दहा मिनिटांत उरकायचो. मग तलवारी म्यानात, शिरस्त्राणं खाली (त्यातून बोललेलं ऐकूही येत नाही). पुढे साधी सभा : गणपूर्ती (पुरेसे सभासद हजर आहेत ना, ते पाहणं), मागचं इतिवृत्त, हिशेब, राहिलेली कामं, नवे ठराव. ठरावाला अनुमोदन मिळाल्याशिवाय चर्चा नाही. हे परकं वाटत असेल तर महानाइटांना सांगा, की सभानियमांचं प्रसिद्ध पुस्तक लिहिणारे हेन्री मार्टिन रॉबर्ट हे अमेरिकी लष्करी अभियंते. 1863 मध्ये न्यू बेडफर्डच्या एका चर्चमधल्या सभेचं अध्यक्षपद त्यांच्या गळ्यात पडलं, सभा हाताबाहेर गेली, त्या फजितीतून अभ्यास सुरू झाला आणि 1876 मध्ये पुस्तक आलं.

खरा रोग मात्र ‘बोलतात दोघे-तिघेच’ हा आहे. तुमच्याकडे मानाच्या क्रमानं बोलत असणार : आधी महानाइट, मग नाइट, शेवटी स्क्वायर, म्हणजे नाइटाच्या हाताखालचे उमेदवार. महानाइट बोलून बसले की सोळा वर्षांचं पोर काय तोंड उघडणार? संत बेनेडिक्टच्या मठ-नियमावलीत तिसरं प्रकरण सल्लामसलतीचंच आहे. महत्त्वाच्या कामाला सगळ्या बंधूंना बोलवा, कारण प्रभू पुष्कळदा धाकट्यालाच योग्य ते सुचवतो, असं त्यात म्हटलंय. तिथे निर्णय मठाधिपतीचा असे; तुम्ही मतदान घ्या. पण बोलण्याचा क्रम उलटा करा : सर्वांत धाकटा स्क्वायर आधी, महानाइट सर्वांत शेवटी. पहिल्या दोन सभांत पोरं नुसती लाजतील. थांबा, घाई करू नका.

महानाइटांना हा अपमान वाटला, तर ‘गोल्डन फ्लीस’चं उदाहरण द्या. युरोपातल्या बरगंडी या राज्याच्या ड्यूकनं 1430 मध्ये स्थापलेल्या या नाइटसंघाच्या सभेत एकेकाला बाहेर पाठवून त्याच्या वागण्याची झडती घेत. ड्यूकही त्यातून सुटत नसे. 1468 मध्ये ब्रूज शहरातल्या सभेत तेव्हाच्या चार्ल्स ड्यूकला त्याच्याच नाइटांनी सुनावलं, की तुम्ही नोकरांशी फार कडक बोलता. तुमच्याकडे ही झडती लगेच सुरू करू नका, मंडळ फुटेल.

आणि समारोपाच्या प्रार्थनेआधी, सगळे जागेवर असतानाच, झालेले ठराव मोठ्यानं वाचून दाखवा. आमेन म्हटल्यावर कुणी ऐकत नाही.